मदत हवी आहे : ऊसतोड मजुरांच्या उचलीवर प्रकल्प

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, हा विषय घेतलाय. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून (मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल घ्यायची आणि टनामागच्या दरानं तोडणी करून ती फेडायची. अडलंय ते इथं: हिशोब कोयत्याचा असतो, मग बाईची मजुरी वेगळी मांडायची कशी? निम्मी धरली तर खोपीवरचा स्वयंपाक, पाणी, लेकरं कुठंच येत नाहीत. सर म्हणतात, हे समाजशास्त्राकडं चाललंय. मला तसं वाटत नाही. धारूर, वडवणी, पाटोदा भागात कुणी असं सर्वेक्षण केलंय का? नुसती प्रश्नावली मिळाली तरी चालेल. आणि मुकादमाच्या वहीतले आकडे मिळवायचे कसे? विचारलं की गडी चहा सांगतो अन् विषय बदलतो.