मोठ्या बँकेतली सॉफ्टवेअर इंजिनिअरची मुलाखत : अनुभव धागा

मोठ्या बँकेत डेव्हलपरच्या जागेसाठी मुलाखत दिलेल्यांनी, किंवा घेतलेल्यांनीही, इथे लिहावं. काय विचारतात आणि उत्तर कुठे अडतं, एवढंच. पॅकेजची चर्चा नको.

*

ऑनलाइन टेस्टचे प्रश्न ओळखीचेच असतात. मार्क जातात ते लपवलेल्या टेस्ट केसमध्ये: रिकामं इनपुट, एकच नोंद, प्रचंड बेरीज. रक्कम शंभरांशात, म्हणजे पैशांत, इंटमध्ये (३२ बिटांचा पूर्णांक) धरली तर सव्वादोन कोटी रुपयांच्याही आतच ओव्हरफ्लो होतो, म्हणजे आकडा मावत नाही. लाँग (६४ बिटांचा) घ्या.

*

जावाच्या फेरीत पैशांसाठी डबल (दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार) का नको, हे हमखास येतं. ०.१ आणि ०.२ मिळवले की सतराव्या दशांश स्थळी ४ उगवतो, हे बहुतेकांना माहीत असतं. नुसतं ‘बिगडेसिमल’ (दशांश अचूक साठवणारा प्रकार) म्हणून सुटका मात्र होत नाही. ते डबलवरून बनवलं तर तीच चूक आत शिरते, स्ट्रिंगवरून (मजकुरावरून) बनवायचं. शिवाय तुलना करताना १.० आणि १.०० यांना इक्वल्स वेगळं मानतं, कंपेअरटू सारखं. म्हणून इक्वल्सवर चालणाऱ्या हॅशसेट या संचात दोन नोंदी होतात, कंपेअरटूवर चालणाऱ्या ट्रीसेटमध्ये एकच. येनला दशांश नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत; सगळीकडे दोनच धरणारा इथे सापडतो.

*

खरी चाळण ‘एका खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवा’ या प्रश्नात होते. दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही), हे सगळेच सांगतात. मग विचारतात: अ कडून ब कडे आणि ब कडून अ कडे एकाच वेळी पाठवले तर? दोघांनी एकेक खातं लॉक केलं की डेडलॉक: दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात. पाठवणारा कोणीही असो, लहान क्रमांकाचं खातं आधी लॉक करायचं.

आधी शिल्लक वाचून मग वजा करणं ही दुसरी चूक. मधल्या वेळात दुसरी विनंती तीच जुनी शिल्लक वाचते. अपडेटच्याच अटीत ‘शिल्लक ही पाठवायच्या रकमेपेक्षा कमी नसावी’ घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आलं तर व्यवहार नाकारायचा.

*

वरच्याला पुरवणी. पुढचा प्रश्न टाइमआउटचा असतो. पैसे गेले, उत्तर पोचलं नाही, क्लायंटने पुन्हा पाठवलं. प्रत्येक विनंतीला आयडेम्पोटन्सी की (पुन्हा आलेली विनंती ओळखायचा वेगळा क्रमांक) आणि तिच्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दुसऱ्यांदा न घेण्याचा डेटाबेसचा नियम) हवाच, पण ती की पैशांच्या नोंदीबरोबर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये साठवायची. आधी वेगळी साठवली आणि मधेच सर्व्हर पडला, तर पैसे न हलताच सिस्टीम ‘झालं’ म्हणते. ‘काफ्का (संदेश वाहून नेणारी प्रणाली) लावू’ हे याचं उत्तर नव्हे, तरी ऐकायला फार मिळतं.

*

मॅनेजरची फेरी हलक्यात घेऊ नका. ‘प्रॉडक्शनमध्ये बग आला, काय कराल?’ याला ‘डेटाबेसमध्ये जाऊन दुरुस्त करतो’ म्हटलं की विषय संपतो. बँकेत मेकर-चेकर असतो: बदल करणारा आणि मंजूर करणारा वेगळा. आधी रोलबॅक (जुनी आवृत्ती परत), मग लॉगमधून कोणत्या खात्यांना फटका बसला त्याची यादी, मग चुकीची नोंद न पुसता उलट नोंद. लॉगमध्ये कार्ड नंबर झाकलेला हवा; सीव्हीव्ही तर मंजुरीनंतर साठवायचाच नसतो.

*

रात्रीची बॅच (एकगठ्ठा चालणारं काम) अर्ध्यात पडली तर कुठून सुरू कराल, हेही विचारतात. चेकपॉइंटवरून, म्हणजे कुठवर काम झालं याच्या शेवटच्या खुणेपासून. पण तिथपर्यंतच्या नोंदी आणि चेकपॉइंट एकत्र कमिट (कायम) होत असतील, तरच.