पाकटाचा काटा लागून तीन आठवडे झाले, आईची जखम भरत नाही – मदत हवी आहे

सुकतीभरती

नमस्कार. आई रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात राहते. वय ६१, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. तीसेक वर्षं ती सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपले काढते आणि बाजारात विकते. आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं त्याच पैशावर झाली.

तीन आठवड्यांपूर्वी अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप मागे गेलं होतं, म्हणून वाडीतल्या चौघीजणी नेहमीपेक्षा पुढे गेल्या. गुडघाभर गढूळ पाण्यात पायाने तिसऱ्या चाचपत असताना आईचा पाय पाकटावर, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशावर पडला. त्याने शेपूट फिरवून घोट्याच्या वर, मागच्या बाजूला काटा मारला आणि ते निसटून गेलं. दोन बाळंतपणं झाली, एकदा विंचूही चावला, पण असं कधी दुखलं नव्हतं, असं ती सांगते. बायांनी पायाला पदर बांधला, घरी आणून चुना आणि हळद लावली. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत अडीच तास गेले. तिथे जखम वरवर धुऊन दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.

टाके काढले त्याच दिवशी तिथून पाणी यायला लागलं. आता छोटं भोक आहे, भोवती सुपारीएवढी टणक गाठ आणि दाबलं की कळ थेट पोटरीपर्यंत जाते. ताप नाही. दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा "साखर आहे, वेळ लागणारच" असं उत्तर मिळालं. पण त्याच पायाला गेल्या वर्षी कालवाची धार लागून चांगलं खोल कापलं होतं, ते बारा दिवसांत भरलं. साखर तेव्हाही होतीच.

मी ठाण्यात असते, शनिवारी गावी जाणार आहे. तिला नक्की कोणत्या डॉक्टरकडे न्यावं, काय तपासायला सांगावं? गरम पाण्यात पाय बुडवायला हवा होता असं आता कोणी कोणी म्हणतंय, ते खरं आहे का? आणि ती पुन्हा खाडीत जाणार हे मला माहीत आहे. "जाऊ नकोस" हा सल्ला कृपया देऊ नका, तो मीच दहा वर्षं देतेय.

एक मनातलं बोलते. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी पाकटांनी माणसांना काटे मारले, तेव्हा मुंबईभर बातमी झाली. आमच्या वाडीत आत्ता विचारलं तर सहा बायकांच्या पायावर पाकटाचे वण आहेत. एकीलाही त्या वेळी काय करायचं हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

गावठीडॉक्टर

ताई, मी रायगडात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. पावसाळ्यानंतर अशा जखमा दरवर्षी येतात. न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून आधी संशय घ्यावा असं एकच आहे: आत काहीतरी राहिलंय.

पाकटाचा काटा करवतीसारखा असतो आणि त्याचे दात उलट्या दिशेला असतात. जाताना सहज जातो, निघताना मांस फाडतो. काट्यावर कातडीचं पातळ वेष्टण असतं, विष तयार करणाऱ्या पेशी त्याखालच्या खाचांत असतात. काटा घुसला की वेष्टण फाटतं आणि त्याचे तुकडे जखमेत राहू शकतात. काट्याचा बराचसा तुकडा एक्स-रेत दिसतो, वेष्टण दिसत नाही. म्हणून एक्स-रे साफ आला तरी समाधान मानू नका, त्या जागेची सोनोग्राफी करून घ्या. न्यायचं ते सर्जनकडे. अशी खोल, टोचलेली जखम लगेच शिवून बंद करायची नसते, धुऊन उघडी ठेवायची असते.

दुसरी शक्यता पाण्यातल्या जंतूंची. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा एक जंतू क्षयाच्या जंतूच्या कुळातला आहे. आठवडेच्या आठवडे गाठ धरून बसतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. तो शरीराच्या तापमानापेक्षा कमी, साधारण ३० अंशांना वाढतो. त्यामुळे तुकडा तपासणीला पाठवताना "खाडीच्या पाण्यातली जखम" असं प्रयोगशाळेला लिहून कळवावं लागतं, नाहीतर अहवालात काहीच येत नाही.

ताप आला, लाली वर चढू लागली किंवा काळपट फोड दिसले तर शनिवारची वाट बघू नका. व्हिब्रिओ हा खाऱ्या पाण्यातला जंतू मधुमेह आणि यकृताच्या रुग्णांमध्ये काही तासांत हाताबाहेर जातो.

गरम पाण्याचं खरं आहे. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने बिघडतं. सोसवेल इतकं गरम, ४५ अंशांपर्यंतचं पाणी, ३० ते ९० मिनिटं. शिंगाळा माशाच्या काट्यालाही हाच उपाय. फक्त पाणी दुसऱ्या कोणीतरी हात घालून बघायचं, कारण मधुमेहात तळपायाची जाणीव कमी असते आणि माणूस भाजून घेतो. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो उपटायचा नाही, तसंच इस्पितळात न्यायचं. आता तीन आठवड्यांनी मात्र गरम पाण्याचा उपयोग नाही.

रापणकर

मी मालवणकडचा, लहानपणापासून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतोय. आमच्याकडे पोरगं पाण्यात उतरायला लागलं की पहिलं शिकवतात ते पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत न्यायचा. पाकट वाळू अंगावर घेऊन पडलेलं असतं, बाजूने धक्का लागला की पळतं. वरून पाय पडला तरच मारतं. मुद्दाम माणसावर येत नाही. आईला हातात काठी द्या, दोन पावलं पुढे टोचत जायचं. रबरी बुटावर भिस्त ठेवू नका, काटा बुटातून आरपार गेलेला मी पाहिलाय, शिवाय चिखलात बूट रुततो.

होडीवर लागलं तर आम्ही इंजिन थंड करून बाहेर पडणारं गरम पाणी जखमेवर घेतो. हे आमच्या बापजाद्यांना माहीत होतं. पण ताईंचं वाचून लक्षात आलं की माझ्या बायकोला मी हे कधी सांगितलेलं नाही, आणि तीही तिसऱ्यांना जाते. आज सांगितलं.

डॉक्टर, जाळ्यात समुद्री साप येतात ते आम्ही हाताने काढून टाकतो. चावला तर?

गावठीडॉक्टर

दादा, हाताने काढू नका, काठीने उचला. चावा बहुतेकदा दुखत नाही, म्हणून माणूस घरी जातो. अर्ध्या तासापासून काही तासांत अंग आणि जबडा आखडतो, लघवी काळसर होते, मूत्रपिंडावर येतं. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावरची आहे, समुद्री सापावर ती चालत नाही. त्यामुळे डायलिसिस आणि व्हेंटिलेटर असलेलं इस्पितळ लवकर गाठणं हाच मार्ग.

भांगाचंपाणी

विम्याचंही बघा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व अडीच लाख, अपघाताने इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. वय १८ ते ७०, हप्ता सरकार भरतं. अडचण नोंदणीची आहे. होडीवाल्याचं नाव संस्थेत असतं, चिखलात उतरणाऱ्या बाईचं नसतं. आईंचं नाव मच्छीमार सहकारी संस्थेत आहे का ते आधी विचारा.

सुकतीभरती

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आईला तालुक्याच्या गावी सर्जनकडे नेलं. एक्स-रे साफ आला. डॉक्टर परत पाठवत होते, मी सोनोग्राफीचा आग्रह धरला. पाऊण इंच खोल काहीतरी दिसलं. सोमवारी भूल देऊन जखम उघडली, करड्या रंगाची चिवट चिंधी निघाली, बोटाच्या पेराएवढी. तुकडा तपासणीला गेलाय, चिठ्ठीवर खाडीचं मी लिहून घेतलं. जखम या वेळी उघडी ठेवली आहे. आई काल रात्री पहिल्यांदा सलग झोपली.

संस्थेत तिचं नाव नाही. वाडीतल्या एकाही बाईचं नाही. अकरा जणींचे अर्ज भरायला घेतलेत. त्यासाठी काय कागद लागले, हे कोणी केलं असेल तर इथे लिहा.

आणि एक विचारायचं आहे. बायका सुकतीला चार तास बाहेर असतात, जवळ चूल नाही. दोन लिटरच्या थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून किनाऱ्यावर ठेवायचं आणि लागलं तर बालदीत खाडीचं पाणी मिसळून पाय बुडवायचा, असं आम्ही ठरवतोय. दीड तास पाणी गरम राहायला किती थर्मास लागतील? पुढचं उधाण नऊ दिवसांवर आहे, आई नाही गेली तरी बाकीच्या जाणार आहेत.