गट प्रकल्पातील चांगला सहकारी कोण: उत्तम कोड लिहिणारा, की अडल्याचे वेळेत सांगणारा?

मार्गदर्शक, कर्वेनगर
पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी तीन-चार जणांचे गट जमू लागले, की एकच प्रश्न कानावर येतो: "कोडिंग कोणाचं चांगलं आहे?" मी संगणक विभागात प्रकल्पांना मार्गदर्शन करते आणि माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आपण अडलो आहोत हे जो वेळेत सांगतो, तो चांगला सहकारी. "होतंय, होतंय" म्हणत गप्प राहून रिव्ह्यूच्या आदल्या रात्री लॉगिनच चालत नसल्याचे सांगणारा मुलगा कितीही हुशार असला, तरी त्याच्या मॉड्यूलवर, म्हणजे प्रकल्पातील त्याच्या भागावर, ज्यांचे काम अवलंबून असते ते सगळे त्याच्यासोबत अडकतात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो, असे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच मांडले होते, कारण नव्या माणसाला समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. शेवटच्या आठवड्यात मदतीला धावून आलेल्या मित्राच्या बाबतीतही हेच घडते. म्हणून अडचण लवकर कळणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

बॅकएंडवाला, हिंजवडी
मॅडम, आदर राखून असहमती नोंदवतो. आमच्या गटात एकाच मुलीने डेटाबेस, सर्व्हर आणि डिप्लॉयमेंट सांभाळले, तर बाकी आम्ही तिघांनी अहवाल आणि स्लाइड्स केल्या. संवादात कोणीही कमी नव्हते. रोज बोलणे होत असे, अडचणी सांगितल्या जात असत, आणि सांगून झाल्यावर प्रत्येक अडचण तिच्याच गळ्यात पडत असे. ज्याला साधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवणारी आज्ञा, लिहिता येत नाही, त्याने ते वेळेत सांगितले तरी काम दुसऱ्यालाच करावे लागते. व्हायव्हात मात्र चौघांनाही सारखेच श्रेय मिळाले, आणि ते मला आजही अन्यायाचे वाटते. किमान कौशल्य ही सहकाऱ्याची पहिली अट असलीच पाहिजे, आणि ते नसेल तर पहिल्या महिन्यात शिकून घेण्याची तयारी तरी हवी.

मार्गदर्शक, कर्वेनगर
त्या मुलीवर अन्याय झाला हे निःसंशय. परंतु तुम्ही ज्याला सांगणे म्हणता, ते मला अभिप्रेत नाही. गटाच्या व्हॉट्सअॅपवर "माझ्याकडे चालत नाहीये" एवढेच टाकणे म्हणजे स्वतःचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे. कोडच्या कोणत्या ब्रँचवर (स्वतंत्र प्रतीवर) आहे, नेमका एरर काय आला, तो कोणत्या कृतीनंतर आला आणि आपण आतापर्यंत काय करून पाहिले, हे चार ओळींत लिहिणाऱ्याने निम्मे काम स्वतः केलेले असते. ते लिहिता लिहिताच अनेकांना चूक सापडते. त्यासाठी मोठे कौशल्य लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो.

टेस्टर, सिंहगड रस्ता
मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण दुसऱ्याचा कोड वाचण्याविषयी कोणीच बोललेले नाही. कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट 2005 पासून आहे, तरी विद्यार्थ्यांच्या गटांत त्याचा वापर बहुधा सामायिक फोल्डरसारखाच होतो. मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना एकमेकांशी जुळले नाहीत, की दोन्ही बाजू न वाचता "माझं ठेव" म्हणून पुढे जाणारे मी पाहिले आहेत. एका प्रकल्पात अशाच प्रकारे मोबाइल क्रमांक तपासणारा सहकाऱ्याचा पूर्ण भाग उडाला. फॉर्म उघडत होता, माहिती साठवली जात होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि प्रात्यक्षिकात परीक्षकांनी त्या रकान्यात अक्षरे टाकली, तीही निमूटपणे स्वीकारली गेली. मर्ज करणारा मुलगा कोडिंगमध्ये गटात सर्वांत पुढे होता आणि बोलण्यातही मागे नव्हता. फक्त दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी कशासाठी आहेत, हे विचारण्याची त्याला गरज वाटली नाही.

बॅकएंडवाला, हिंजवडी
हा मुद्दा मान्य आहे, परंतु तो माझ्याच बाजूचा आहे. कोड वाचता येणे हेही कौशल्यच. शिवाय वेळेचा विचार करा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या सॉफ्टवेअर फेरीत सहा जणांच्या संघाला 36 तास मिळतात. तिथे शिकवत बसायला कोणाला सवड असते? तिथे मी हात चालणाराच सहकारी निवडीन.

टेस्टर, सिंहगड रस्ता
36 तासांसाठी निवडा, माझी हरकत नाही. वर्षभराच्या प्रकल्पात मात्र कमिट, म्हणजे गिटमध्ये प्रत्येकाच्या नावावर नोंदवलेले बदल, मोजून कोणाचा हात चालतो हे ठरवू नका. चुका शोधणाऱ्याचे आणि शेजारी बसून सुचवणाऱ्याचे नाव कमिटच्या यादीत बहुधा येतच नाही, आणि तुमच्या गटातल्या त्या मुलीसारखेच तेही श्रेयाला मुकतात.

मार्गदर्शक, कर्वेनगर
श्रेयाचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. यंदा माझ्या गटांना मी पहिल्या रिव्ह्यूत प्रत्येकाने स्वतःचे नव्हे, तर शेजारच्या सहकाऱ्याचे मॉड्यूल समजावून सांगावे, असे सांगणार आहे. ज्याला ते जमणार नाही, त्याने ते का जमले नाही हे तिथेच सांगायचे, आणि ज्याचे मॉड्यूल आहे त्यानेही उत्तर द्यायचे.

बॅकएंडवाला, हिंजवडी
हे आमच्या वेळी असते, तर आम्हा तिघांना पहिल्याच महिन्यात क्वेरी शिकावी लागली असती. तरीही गट जमवताना कौशल्य आधी पाहावे, हे माझे मत कायम आहे.