मदत हवी आहे: देवस्थानासाठी तिथी समजणारं सॉफ्टवेअर

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवस्थानाची महाजन-कुळाव्यांची (हक्कदार सभासद आणि ज्यांचं हे कुलदैवत ती कुटुंबं) नोंद अजून वह्यांतच आहे. हिशेब टॅलीत होतो, तो प्रश्न नाही. अडतं शाश्वत पूजांपाशी, म्हणजे यजमानाच्या नावानं दर वर्षी ठरलेल्या तिथीला होणाऱ्या पूजांपाशी. 'मार्गशीर्ष शुद्ध पंचमी' दर वर्षी वेगळ्या तारखेला, त्यात क्षयतिथी, अधिक मास. एक्सेल करून पाहिलं, पण दर पाडव्याला पंचांग उघडून तारखा हातानंच भराव्या लागतात. यंदा एका वयस्कर कुळाव्याची पूजा त्यातच राहून गेली, फार वाईट वाटलं. चर्चसाठीचं एक सॉफ्टवेअरही पाहिलं. कुटुंबवार नोंदी सुरेख, पण तिथी नाही. कॉम्प्युटर एकच, पावसात नेट जातं, त्यामुळे नोंदी ऑफलाइन हव्यात, पावती मराठीत. वर्षाला दहा हजार जमतील. तिथीवरून तारीख काढून यजमानाला आठ दिवस आधी मेसेज पाठवणारं काही कुणी प्रत्यक्ष वापरतंय का?