मनातल्या मनात मोजताना

या चर्चेत एकांनी लिहिलंय की वाचताना त्यांना मनात शब्दांचा कसलाच आवाज ऐकू येत नाही, आणि बाकीच्यांना येतो हे कळल्यापासून आपणच विचित्र वाटायला लागलोय. अहो, विचित्र काही नाही त्यात. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना प्रिन्स्टनला शिकत असताना मनात साठपर्यंत मोजायचा नाद लागला होता. मोजता मोजता त्यांना पेपर वाचता यायचा, पण बोलता येत नसे, कारण आकडे ते मनातल्या मनात 'बोलत' होते. तिथलेच संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचं नेमकं उलटं. मोजताना खुशाल बोलायचे, वाचता मात्र यायचं नाही! त्यांच्या डोळ्यांसमोर आकडे छापलेली पट्टी सरकत असायची.

मी फाइनमनच्या पंगतीतला, तेवढ्यापुरताच. तांदळाच्या वाट्या मोजताना कोणी नुसतं "किती जण आहेत जेवायला?" विचारलं की गेलं सगळं. तांदूळ परत डब्यात, पुन्हा पहिल्यापासून.

वेगवाचनाच्या क्लासवाले आतला आवाज बंद करा म्हणतात. टेंडर नोटिशीपुरतं ठीक आहे. ओवी तशी वाचून काय हाती लागणार? आणि रत्नागिरीच्या मावशीचा 'पोचलास काय रे' एवढा मेसेजसुद्धा मला तिच्याच हेलात ऐकू येतो, शेवटचा 'रे' लांबवून.

ज्यांना आवाज येत नाही त्यांना विचारायचंय: असा मेसेज वाचताना तुम्हाला मावशीचा चेहरा दिसतो, की नुसताच अर्थ कळतो?