मदत हवी आहे: आठवड्याच्या डब्याचा बेत बुधवारी कोलमडतोय

उद्यमबागवाला
वजन ९१ होतं, ८६ वर आणलं, आता परत ८९. रविवारी बसून आठवड्याभराचं जेवण लिहून काढतो, बायको भाज्या चिरून डब्यांत भरून ठेवते. सोमवार, मंगळवार व्यवस्थित. बुधवारी सगळं बिघडतं आणि मग कॅन्टीनचा भात नाहीतर गाडीवरचा वडापाव. कुणाकडे तयार तक्ता असेल तर लगेच टाका. व्यायाम सांगू नका, दिवसभर मशीनवर उभाच असतो.

निपाणीची माई
बुधवारी नेमकं काय होतं? भाजी खराब होते की तुलाच कंटाळा येतो? घरी माणसं किती? काय खाऊलालास ते तरी सांग.

जवारी गडी
भात बंद करा, विषय संपला. दोन्ही वेळेला जोंधळ्याची भाकरी, मेथी, शेंगाचटणी. माझे ११ किलो उतरलेत.

खानापूरकर
भातानं काय घोडं मारलंय? आमच्याकडे पिढ्यानपिढ्या भातच खातात. चटणीवर तेल किती ओतता ते आधी मोजा. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी, एका फुलक्याहून जास्तच.

जवारी गडी
शेंगदाण्यात प्रोटीन असतं. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम.

खानापूरकर
आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी, ते पण लिहा की.

टिळकवाडी
पहाटे आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात चालायला या. झाडी आहे, हवा चांगली आहे. आम्ही सातआठ जण रोज असतो.

उद्यमबागवाला
पहाटे कसा येणार? आता नाईट आहे. घरी चौघं. भाजी खराब होत नाही. आमच्यात शिफ्ट बुधवारी बदलते, दुपारी दोनची होती ती रात्री दहाची होते. शुगरची गोळी पण चालू आहे, सकाळची. तक्ता आहे का कुणाकडे?

निपाणीची माई
अरे, हे पहिल्यांदा सांगायचं की! तू वारावर लिहितोस आणि तुझं पोट चालतं शिफ्टवर. आमचे मालक ड्रायव्हर होते, ड्युटी रोज वेगळी. मी तीन कागद करून फडताळाला आतून चिकटवले होते: सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. ड्युटी कळली की तो कागद बघायचा. रात्रपाळीला घरून जेवून जायचं, डब्यात मटकीची उसळ आणि काकडी, परत आल्यावर एक भाकरी खाऊन झोपायचं. उपाशी झोपलं की उठल्यावर हात आवरत नाही.

आणि सगळं चिरून ठेवू नका. मेथी नुसती निवडून, न धुता, सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची. चिरलेली तिसऱ्या दिवशी काळी पडते, मग ती खावीशी वाटत नाही.

औषधवाला
माई, जरा थांबा. भाऊ, गोळी कुठली? काही गोळ्या घेऊन जेवण चुकलं किंवा कमी झालं तर साखर एकदम खाली येते. घाम सुटला, हात थरथरले तर लगेच साखरपाणी घ्या. नाईटला गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नका.

जवारी गडी
गोळ्या कशाला, मेथीदाणे भिजवून प्या.

औषधवाला
कृपा करून असं सांगू नका. मशीनवर काम करणारा माणूस आहे, चक्कर आली तर हात जाईल.

शहापूरची लेक
जाता जाता विचारते, मांडे घरी कुणी करतं का? आजीची उपडी कढई आहे, पण पुरी हातावर मोठी करताना फाटते.

उद्यमबागवाला
गोळीचं नाव पाकिटावर बघितलं, उद्या डॉक्टरांकडे जातो. तोवर जेवण नेहमीसारखंच ठेवतो. मटकी आत्ता भिजत घातली. माई, कामावर फ्रीज नाही आणि भट्टीजवळ उकाडा असतो, डब्यातली उसळ टिकेल?

निपाणीची माई
ओलं खोबरं घालू नको, त्यानं लवकर आंबते. कोरडी परतायची, घरातून निघायच्या जरा आधीच करायची. डबा भट्टीपासून लांब ठेव आणि बाराच्या आत खाऊन घे. शहापूरच्या लेकी, मैदा किती वेळ भिजवतेस?