क्विल्टच्या शिवणी इस्त्री करताना कुठल्या बाजूला वळवायच्या? (मदत हवी आहे)

मंडळी, बहिणीच्या बाळासाठी पॅचवर्कची छोटी क्विल्ट करतेय. घरात गोधड्या शिवताना लहानपणापासून बघितलंय पण तिथे इस्त्रीचा संबंधच नसायचा, जुन्या साड्यांचे थर, वर ठिगळं आणि धावदोरा, झालं. हे मशीनवर तुकडे जोडायचं प्रकरण वेगळंच आहे, शिवण्यापेक्षा इस्त्रीतच जास्त वेळ जातोय आणि तरी ब्लॉक (तुकडे जोडून केलेले मोठे चौकोन) मापात येत नाहीयेत.

अडीच इंचाचे नऊ चौकोन, मरून आणि पांढरा आलटून पालटून. पाव इंच माया (शिवणीबाहेर राहणारी कड) धरली तर ब्लॉक साडेसहाचा यायला पाहिजे ना, तो सव्वासहाच्या आसपास येतोय. मशीनला पाव इंचाचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) लावलाय. व्हिडिओ बघावेत तर एक बाई म्हणते शिवण उघडून दोन्हीकडे पसरवा, दुसरी म्हणते एकाच बाजूला, कुणी म्हणतं वाफ नकोच आणि कुणी नुसती वाफच सोडतंय. पांढऱ्याखाली मरून वळवलं तर वरून गुलाबीसर पट्टी दिसते ती वेगळीच. दोन त्रिकोण जोडून केलेले चौकोन तर इस्त्री केल्यावर एका कोपऱ्यातून लांबतात. आणि हो, थोडे खणाचे तुकडेपण घालायचेत. कॉटन नक्की नाहीत, त्यांना किती गरम चालेल?

प्रतिसाद
आधी एक चेक करा. ब्लॉकमधला मधला चौकोन सुलट बाजूने मोजा, तो बरोबर 2 इंच भरायला हवा. कमी असेल तर शिवणीपाशी बारीक दुमड राहिलीये का ते नखाने उघडून बघा, बहुतेक वेळा तीच असते. दुमड नसेल तर टीप आत जातेय. फूट पाव इंचाचा असला तरी कापड शिवणीवर वळतं तिथे थोडं खातंच, म्हणून टीप पाव इंचापेक्षा एखादा धागा कमी मारायची. आणि चार शिवणी असल्या की हे कमीजास्त साठत जातं.

इस्त्रीचं म्हणाल तर टीप मारल्यावर कापड न उघडता तसंच एकदा दाबायचं, दोरा बसतो. मग गडद कापड वर ठेवून, वरचा तुकडा उघडून सुलट बाजूने इस्त्री टेकवायची, उचलायची, पुढे ठेवायची. शर्टाला करतो तशी फिरवायची नाही. मी इकडे न्यू जर्सीत क्लासला जात होते तिथल्या आजी इस्त्री सरकवलेली दिसली की हातच धरायच्या :)

प्रतिसाद
+1. त्रिकोणांचं कारण पण हेच आहे. तिरका काप म्हणजे उरेब, तो ताणला की ताणला. तिरक्या शिवणीच्या दिशेने इस्त्री ढकलू नका, उभ्या नाहीतर आडव्या धाग्याला धरून टेकवा. त्रिकोणाचे चौकोन थोडे मोठेच शिवा, आधी इस्त्री, गार होऊ द्या, मग मापात छाटा. कापण्याआधी कापडाला खळ दिली तर निम्मा त्रास कमी होतो, साबुदाण्याची पातळ खळ पण चालते, फक्त नीट गाळून घ्या.

प्रतिसाद
बाजू कुठली हे ब्लॉकवर ठरतं. नऊ चौकोनांत पहिली आणि तिसरी ओळ मरूनकडे वळवा, मधली ओळ पण मरूनकडेच, रंग आलटून पालटून आहेत त्यामुळे शेजारच्या ओळींच्या शिवणी आपोआप उलट दिशेला जातात आणि एकमेकींत अडकून बसतात, टाचण्या न लावता कोपरे जुळतात. गुलाबी पट्टीचा प्रश्नही तिथेच मिटतो कारण पांढऱ्याखाली मरून जातच नाही. ओळी एकमेकींना जोडलेल्या शिवणी राहतात, तिथे मात्र थोडं मरून पांढऱ्याखाली जाईल, ते जरासं छाटून पांढऱ्याच्या मायेपेक्षा कमी करा.

प्रतिसाद
मी उघडणाऱ्यांच्या पार्टीतली. आठ टोकं एका जागी येतात अशा ताऱ्यात एका बाजूला वळवलं की मध्ये गाठ तयार होते, सुई मोडते. तिथे उघडाच. मात्र टाका 2 मिमीपर्यंत बारीक करा आणि शिवणीच्या खाचेत क्विल्टिंग (सगळे थर एकत्र धरणारी टीप) करणार असाल तर उघडू नका, सुई नुसत्या दोऱ्यावरच पडते.

धागाकर्ती
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! मधला चौकोन पावणेदोनपेक्षा थोडा जास्त भरतोय आणि दुमड आहेच, जवळजवळ प्रत्येक शिवणीत. ओळींचं आत्ता डोक्यात शिरलं. वाफ आणि खण राहिलं बघा.

प्रतिसाद
वाफ शेवटी, पूर्ण ब्लॉक झाल्यावर, तेही मरूनचा रंग जात नाही ना ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघून. उरेब असताना नको. खणाचा एक धागा काढून जाळून बघा. कागदासारखा वास आणि राख आली तर सुती, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर आहे, मग कमी तापमान आणि वर मलमलचं फडकं. आणि इस्त्रीच्या टेबलावर मऊ गादी नको, घरात जुनं घोंगडं असेल तर घडी घालून त्यावर एक सुती चादर टाका, लोकरीमुळे खालूनही ऊब मिळते आणि शिवण एकदम चपटी बसते. इकडे त्याच कामासाठी लोकरीची मॅट विकत घेतात, चांगली महाग असते.